साडेचार इंची सेंटरपिन, पूर्ण मोसम वापरल्यावर: खरा प्रश्न ग्रीसचा

इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीचं पाणी जानेवारीत तीन-चार अंशांवर उतरतं. रोच आणि चब हे मासे तेव्हा जेमतेम तोंड उघडतात, म्हणून सगळ्यात हलका फ्लोट (तंगूसावर बांधलेली तरंगणारी खूण) लावावा लागतो. नेमकं त्याच दिवसांत माझं सेंटरपिन (किंवा नुसतं पिन) रीळ, म्हणजे एका आसावर मोकळं फिरणारं तंगूसाचं चाक, जड झालं. जूनमध्ये सुरळीत फिरणारा ड्रम फ्लोटच्या ओढीला दाद देईना. विक्रेत्याचं म्हणणं, थंडीत असं व्हायचंच, आणि बेअरिंग उघडलंत तर वॉरंटी रद्द. हे उत्तर मला मान्य नाही. घडणीत काही खोट नाही. कारखान्यात भरलेलं जाड ग्रीस थंडीत घट्ट होतं, एवढंच झालेलं असतं आणि ते घरी काढता येतं.

रीळ मधल्या किमतीचं, ॲल्युमिनियमचं, दोन बॉल बेअरिंगवर फिरणारं. त्यावर ४ पौंडांचा ताण पेलणारं एकेरी धाग्याचं (मोनो) तंगूस आणि तेरा फुटी फ्लोट रॉड. १६ जूनला नद्या मासेमारीला उघडल्यापासून १४ मार्चला मोसम संपेपर्यंत वापरून झालं आहे.

दुकानात पिन दाखवताना ड्रमला टिचकी मारतात आणि तो किती वेळ फिरत राहतो ते मोजून दाखवतात. त्या आकड्यावर पैसे देऊ नका. प्रवाहात फ्लोट सोडताना ड्रमला टिचकी कोणी मारत नाही. फ्लोटवर पडणारी पाण्याची ओढ त्याला जागचा हलवते. जड ड्रम एकदा फिरला की वजनाच्या जोरावर बराच वेळ फिरतो, पण सुरू व्हायलाच कुरकुरतो. नॉटिंगहॅमच्या हेन्री कॉक्सन यांनी १८९० च्या दशकात एरियल रीळ आखलं आणि रेडिचच्या ऑलकॉक कंपनीने ते बनवलं. त्याचा ड्रम आऱ्यांचा आणि वजनाला हलका ठेवला होता, त्यामागे हेच गणित आहे.

खरी परीक्षा अशी घ्या. रीळ हातात उभं धरा, तंगूस काठीच्या कड्यांतून न ओवता थेट खाली सोडा आणि टोकाला एक एएए छरा, म्हणजे साधारण ०.८ ग्रॅम, लावा. ड्रम आपोआप फिरायला हवा. मग छरा काढून बीबी लावा, म्हणजे निम्मं वजन. बीबीने फिरणारं रीळ हिवाळ्यात कामाचं. माझं रीळ थंडीत एएएलाही हललं नव्हतं. ग्रीस काढल्यावर बीबीने फिरू लागलं. (छरे बिनशिशाचेच घ्या. शिशाच्या छऱ्यांवर इंग्लंडमध्ये १९८७ पासून बंदी आहे, फक्त अगदी बारीक आकारांना सूट आहे.)

ड्रम अडला की फ्लोट थबकतो, शेपटी वर करतो आणि तिरपा होऊन काठाकडे ओढला जातो. आमिष तळावरून उचललं जातं आणि मासा पाठ फिरवतो. तळाशी पाणी वरच्यापेक्षा हळू वाहतं, त्यामुळे फ्लोट किंचित रोखून सोडायचाच असतो. पण ती रोख अंगठ्याची हवी, बेअरिंगची नको. अंगठा ड्रमच्या काठावर, जेमतेम टेकलेला. मासा लागला की तोच अंगठा दाबायचा आणि काठी उचलायची. फिक्स्ड स्पूल या नेहमीच्या रिळासारखी आधी बेल (तंगूस धरणारी तारेची कमान) बंद करायची भानगड इथे नाही, आणि पिन शिकायचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे.

ग्रीस काढायची रीत. मधला स्क्रू सोडवून ड्रम उतरवा. बेअरिंग लाकडी काडीने हळूच ढकलून बाहेर काढा. स्क्रूड्रायव्हर घातलात तर आतली कडी वाकते. रबरी झाकण असेल तर सुईने उचला. झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत लायटरचं पेट्रोल घ्या, बेअरिंग दहा मिनिटं बुडवून हलवा, गढूळ पेट्रोल बदलून पुन्हा तेच करा. हे घराबाहेर, विस्तवापासून लांब. मग कागदावर सुकू द्या. जोराच्या हवेने फिरवून सुकवू नका, कोरड्या गोळ्या घासल्या जातात.

यानंतर माझं मत एकदा बदललं. सुरुवातीला बेअरिंग कोरडंच ठेवलं होतं, कारण तसा ड्रम सगळ्यात हलका फिरतो. पण कोरडं बेअरिंग खरखर आवाज करतं, धुक्यात आणि पावसात गंजतं, आणि वॉलिस कास्ट (फिरत्या ड्रमवरूनच तंगूस सोडत फ्लोट दूर फेकायची पद्धत) करताना ड्रम इतका पुढे पळतो की तंगूस सैल होऊन गुंता होतो. आता प्रत्येक बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घालते. दोन नाही, एकच. बीबीची परीक्षा तरीही पार पडते.

वॉलिस कास्ट नवख्याने पहिल्या दिवशी शिकू नये. आधी कड्यांमधल्या तंगूसाचे दोन-तीन फास दुसऱ्या हाताच्या बोटांत धरून खालून फेकायचं आणि एकेक सोडायचं. पंधरा-वीस फुटांवरच्या प्रवाहाला एवढं पुरतं. पुढे वॉलिसमध्ये काठी फिरवता फिरवता तंगूस ओढून ड्रमला गती द्यायची असते, आणि फ्लोट पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठ्याने ड्रम थांबवायचा असतो. थांबवायला उशीर झाला की तंगूस ड्रमच्या मागे, पाठीच्या पत्र्यात शिरतं. तिथे त्याला चरा पडतो आणि मोठ्या माशाला ते तिथेच तुटतं. असं झालं तर मागे अडकलेला तुकडा हाताने तपासा, खरखरीत लागला तर कापून टाका. तंगूस काठोकाठ भरणं हे या त्रासाचं मुख्य कारण. साठ-सत्तर मीटर भरपूर झालं.

गुंडाळायला मात्र पिन संथ आहे. साडेचार इंची ड्रमच्या एका फेऱ्यात फूटभरच तंगूस येतं. उपाय एकच, बोटांनी काठावर चापट्या मारून ड्रम फिरवणं. सवयीने जमतं.

रॅचेट, म्हणजे ड्रमला अटकाव करणारी टिकटिकती खीळ, मी निकामी समजत होते, कारण फ्लोट सोडताना ते बंदच असतं. पण तळाला आमिष टाकून बार्बेल या ताकदवान माशासाठी काठी टेकवून ठेवली की ते लागतंच. बार्बेल झटक्यात ओढतो, आणि रॅचेटविना ड्रम पळाला तर सगळं तंगूस फिसकटतं. या रिळाची स्प्रिंग त्यासाठी थोडी मऊ आहे.

रिळात वाळू गेली आणि धुऊनही खरखर राहिली तर बेअरिंग संपलं. त्याच्या काठावर कोरलेला नंबर वाचा. हे ठरीव मापाचे भाग असतात, बेअरिंगच्या दुकानात काही पौंडांत मिळतात. त्यासाठी नवं रीळ घ्यायची गरज नाही. दोन्ही एकदम बदला. एक नवं आणि एक जुनं ठेवलंत तर ड्रम जुन्याच्या तालावर चालतो.