पीएच पेन की थेंबांचं किट? आधी नळाखाली पेला धरा

गेल्या महिन्यात मावशी आणि तिचा मुलगा, दोघांनी एकाच आठवड्यात मला एकच प्रश्न विचारला. मावशी विलेपार्ल्याला जुन्या इमारतीत राहते. तिचा फोन आला, "ते मातीशिवाय, खताच्या पाण्यात वाढणारं लेट्यूस लावायचंय रे, मीटर कुठला घेऊ?" मावसभाऊ चांदिवलीच्या टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर. त्याने तीन पीएच पेनांचे, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते मोजणाऱ्या पेनांचे, स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली नुसतं, "दादा, यातलं कुठलं?" मावशीला मी सांगितलं, पीएच पेन घेऊच नकोस. त्याला सांगितलं, घे, पण स्वस्तातलं नको. रात्री मायलेकांचं बोलणं झालं आणि मला परत फोन. "आईला एक आणि मला एक, असं कसं?"

असं, कारण दोघांच्या नळाला वेगळं पाणी येतं. मावशीकडे सकाळी दोन तास पालिकेचं पाणी येतं. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांत साठलेलं पावसाचंच पाणी ते, मऊ, क्षार कमी. तिच्या नळाखाली पेला धरून टीडीएस पेन, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं पेन, बुडवलं तर आकडा आला ६८. मावसभावाच्या इमारतीत पालिकेचं पाणी पुरत नाही, म्हणून टँकर येतो आणि दोन्ही एकाच टाकीत पडतं. त्याला रोज मोजायला सांगितलं. सोमवारी १५०, गुरुवारी ६४०. कुठलं मीटर घ्यायचं हे या दोन आकड्यांवरच ठरतं.

टीडीएस पेन दोघांनीही घ्यायचं

यात तुलना करण्यासारखं काही नाही. दोन-तीनशे रुपयांत मिळतं, बॅटरी वर्षभर जाते, फारशी निगा लागत नाही. ते खरं तर मोजतं पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, आणि तिला एका ठरावीक आकड्याने गुणून पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतं. गोंधळ इथे होतो: काही पेनं ५०० ने गुणतात, काही ७०० ने. म्हणजे ईसी १.० असेल तर एक पेन ५०० म्हणेल, दुसरं ७००, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. स्वस्त पेनं बहुतेक ५०० वाली असतात. आकड्याची दुप्पट करून हजाराने भागा, ईसी मिळते. पेनाला ईसीचं बटण असेल तर तेच वापरा, डोक्याला ताप नाही.

लेट्यूसला ईसी ०.८ ते १.२ पुरते. तुळशीच्या विदेशी बहिणीला, बेसिलला, १.० ते १.६. टोमॅटो खादाड, त्याला २ च्या वर लागते. आता मावसभावाचा गुरुवार बघा. ६४० म्हणजे ईसी जवळपास १.३. खताचा एक थेंब न घालता लेट्यूसची मर्यादा ओलांडली, आणि तीही झाडाला फारशा नको असलेल्या क्षारांनी. पेन फक्त एकूण क्षार मोजतं, कुठले ते सांगत नाही. त्या आकड्यात नायट्रेट किती आणि सोडियम किती हे त्याला कळत नाही.

रोजच्या वापरात मात्र हेच पेन सगळ्यात उपयोगी. डब्यातली पातळी उतरली आणि ईसी चढली, तर झाड पाणी जास्त पितंय: साधं पाणी घाला. मे महिन्यात बाल्कनीत हेच होतं. ईसी उतरली तर झाड खातंय, खत घाला. पातळी उतरली पण ईसी तीच राहिली, तर त्याच ताकदीचं पाणी पुन्हा.

पीएच: थेंब की पेन

पाण्याचा पीएच ५.५ ते ६.५ मध्ये हवा, ६ च्या आसपास असला की उत्तम. तो वर गेला की लोह पाण्यात असूनही झाडाला घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नवखा माणूस ते बघून आणखी खत ओततो आणि मग झाड दोन्हीकडून मरतं. पीएचची मोजपट्टी सरळ चढत नाही हेही लक्षात ठेवा: ६.५ आणि ५.५ यांत आम्लतेचा फरक दसपटीचा आहे.

थेंबांचं किट म्हणजे एक छोटी नळी, रंगाची बाटली आणि रंगांचा तक्ता. नळीत पाणी घ्यायचं, बाटलीवर लिहिले असतील तेवढे थेंब टाकायचे, हलवायचं आणि खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कागदापुढे धरायचं. ट्यूबलाइटखाली धरू नका, पिवळा आणि नारिंगी तिथे सारखेच दिसतात. पिवळा म्हणजे साधारण ६, हिरवा म्हणजे ७, नारिंगीकडे झुकला की ५.५ च्या खाली. अर्ध्याचा फरक सहज पडतो. पण हे किट पेनासारखं हळूहळू भरकटत नाही. बाटली संपेपर्यंत तेच सांगते.

एक सावधगिरी. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या मासेवाल्यांकडे जे पीएच किट मिळतं, ते पुष्कळदा ६.० ते ७.६ एवढंच वाचतं. माशांना तेवढं पुरतं. आपल्याला हव्या असलेल्या पट्ट्याचा खालचा अर्धा भाग त्याच्या बाहेर राहतो. पाणी ४.५ असलं तरी ते किट "६" वरच पिवळं होऊन बसणार. डबीवर ४ ते ८ लिहिलंय का ते बघूनच घ्या. कागदी पट्ट्या सोडा. मुंबईच्या दमट हवेत डबी दोनदा उघडली की त्या कामातून गेल्या.

पीएच पेन दशांशात आकडा देतं, म्हणून आकर्षक वाटतं. त्याच्या टोकाला काचेचा फुगा असतो आणि तो कायम ओला लागतो, तोही साध्या पाण्याने नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने. शिवाय दर दोन आठवड्यांनी ६.८६ आणि ४.०१ अशा ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत, म्हणजे बफरमध्ये, बुडवून ताळ्यावर आणावं लागतं. मी हे केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट: पेन धुऊन, पुसून, छान कोरडं करून खणात ठेवलं. चष्मा ठेवावा तसं. महिन्याने काढलं तर पाणी ७.१ दाखवू लागलं. मी आम्लाचे थेंब टाकले, ७.०. आणखी टाकले, ६.९. सहावर येईपर्यंत टाकत राहिलो. दोन दिवसांत बेसिलची पांढरी मुळं चहाच्या रंगाची झाली. शेवटी थेंबांच्या किटने बघितलं तर नळी लालभडक, तक्त्याच्या शेवटच्या चौकोनाच्याही पलीकडे. पेन वाईट नव्हतं. मला ते पाळता आलं नाही.

म्हणून मावशीला थेंब. तिचं पाणी मऊ आहे, खत घातलं की पीएच आपोआप खाली येऊन सहाच्या जवळ बसतो. तिला फक्त खात्री करायची आहे, त्यासाठी दशांश नको. मऊ पाण्याची दुसरी बाजू अशी की त्यात आम्लाला रोखणारं फारसं काही नसतं. थोडे थेंबही जास्त होऊ शकतात. टाकायचं तर एक टाका आणि थांबा.

मावसभावाला पेन. टँकरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते आम्ल गिळतं. रात्री पीएच ६ वर आणून झोपलात तर सकाळी पुन्हा ७. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर तुमचंही पाणी याच जातीचं. अशा पाण्याला पुन:पुन्हा मोजत खाली आणावं लागतं आणि दर वेळी थेंबांचा रंग जोखत बसण्यात जीव जातो. त्याने काचेचा फुगा बदलता येईल असं पेन घेतलं, बफरच्या पुड्या घेतल्या आणि साठवणीचं द्रावणही. पेनाच्या किमतीत या दोन गोष्टी धरल्या नाहीत तर पेन घेऊ नका.

आम्ल: फॉस्फोरिक की लिंबूफूल

लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, किराणा दुकानात मिळतं, स्वस्त आहे, हाताला भाजत नाही. पण पाण्यातले जिवाणू ते खाऊन टाकतात आणि एक-दोन दिवसांत पीएच परत वर येतो. व्हिनेगरचं तेच. "पीएच डाउन" म्हणून मिळणारं पातळ फॉस्फोरिक आम्ल टिकतं. दोघांनाही तेच सांगितलं, हातमोज्यांसकट. उलटा प्रसंग आला, पीएच फार खाली गेला, तर खाण्याचा सोडा टाकू नका. त्यातलं सोडियम डब्यात साचत जातं. निम्मं पाणी काढून नवं घालणं सगळ्यात सोपं.

खत: दोन बाटल्या की पावडर

तयार द्रव खत ए आणि बी अशा दोन बाटल्यांत येतं. हा विक्रीचा डाव नाही. कॅल्शियम एका बाटलीत, सल्फेट आणि फॉस्फेट दुसरीत. घट्ट द्रावणं एकत्र आली की खाली पांढरा गाळ बसतो, म्हणजे तुमचं खत तळाला. पावडर घेतलीत तरी हाच नियम: पाण्यात ए घाला, ढवळा, मग बी, ढवळा, आणि पीएच सगळ्यात शेवटी बघा. आधी पीएच जुळवून मग खत घालणारे दोनदा काम करतात.

लिटरमागे पावडर खूप स्वस्त पडते. मुख्य मिश्रण, कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट, असा तिघांचा संच येतो. पण दहा लिटरच्या डब्याला पाच-सहा ग्रॅम मोजायचे म्हणजे सोनाराकडे असतो तसा छोटा काटा हवा. आणि मुंबईचा जुलै. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. माझं उघडं पाकीट पहिल्याच पावसाळ्यात साखरेच्या पाकासारखं झालं. पावडरच घ्यायची असेल तर मे महिन्यातच तिची दोन घट्ट द्रावणं करून बाटल्यांत भरा, म्हणजे शेवटी ए आणि बी तुम्हीच बनवलंत.

नर्सरीत पुढे केलं जाणारं १९:१९:१९ हे खत मात्र घेऊ नका. कुंडीतल्या मातीला ते चांगलं. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं आणि युरिया वापरात येण्यासाठी मातीतले जिवाणू लागतात, ते आपल्या डब्यात फारसे नसतात. वर युरिया ईसी पेनाला दिसतच नाही, त्यामुळे किती घातलं याचा अंदाजही चुकतो. कॅल्शियम तर त्यात नाहीच.

एक-दोन डबे असतील तर बाटल्या घ्या. पाच डबे झाले की पावडरीचा विचार करा. मावशीला बाटल्या सांगितल्या. मावसभावालाही तेच, त्याच्यापुढे पाण्याचा उपद्व्याप आधीच पुरेसा आहे.

पाणीच बदललं तर?

मावशी विचारत होती, आरओचं घालू का? गरज नाही, अडुसष्टवरून शून्याजवळ जाण्यासाठी बादलीभर पाणी मोरीत कशाला सोडायचं. वरून कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळं द्यावं लागेल ते निराळंच. तिने क्लोरिन उडायला पाणी रात्रभर ठेवावं, कापड बांधून, एवढंच. मावसभावाला मात्र अर्धं आरओ, अर्धं टँकर हा मार्ग परवडतो: ६४० चं सव्वातीनशेच्या आसपास येतं आणि आम्लही कमी लागतं. पावसाळ्यात गच्चीवर थेट धरलेलं पाणी फुकट मिळतं, पण तेव्हा ऊन नसल्याने लेट्यूस नुसतं उंच होतं. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा.

डब्याबद्दल थोडक्यात. मासळीबाजारातला थर्मोकोलचा खोका, झाकणाला भोकं, पंप नाही, पाणी उतरेल तशी मुळांना हवा मिळते. मोजमाप सगळ्यात कमी यालाच लागतं, आणि दहा-वीस लिटर पाणी असलं की आकडे एकदम उड्या मारत नाहीत. हवेचा पंप लावलात तर वाढ जोमाची, पण दर दोन-तीन दिवसांनी पीएच बघा, तो वर सरकतो. आडव्या पाइपांत झाडं लावून पंपाने पाणी फिरवायची रचना पहिल्या वर्षी नको. त्यात पाणी थोडं असतं आणि पंप बंद पडला तर उन्हात काही तासांत सगळं मान टाकतं. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात प्राणवायूही कमी राहतो आणि मुळं सडतात. ते कुठलंच मीटर तुम्हाला वेळेत सांगणार नाही, खोका सावलीत सरकवा. आणि झाकण घट्ट हवं. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि पालिकेची माणसं बाल्कनीत डोकावली तर त्यांना तुमचं लेट्यूस नाही, अळ्या दिसतात.

मावशीने टीडीएस पेन आणि थेंबांचं किट आणलं. नळी पुसायला ती देवघरातलं फडकं वापरते, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. मावसभावाचा परवा सकाळी पावणेसातला मेसेज आला: "आज १४०. दोन बादल्या भरून ठेवतोय." मी उलट लिहिलं, झाकण लाव.