जकुझीसाठी क्लोरीन किट: पिवळं घ्यावं की गुलाबी?

वेरूळ-म्हैसमाळकडचं रिसॉर्ट असो की लातूर, नांदेडजवळचं फार्महाऊस, जकुझीच्या (गरम पाण्याचा, बुडबुड्यांचा टब) पंपाशेजारी बहुतेक ठिकाणी दोन नळ्यांचं स्वस्त किट ठेवलेलं असतं. एका नळीत ओटीओचे (ऑर्थोटोलिडिन हे रसायन) थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, दुसरीत फिनॉल रेड या रंगद्रव्याने पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली, ते कळतं. पोहण्याच्या तलावावर रोजच्या अंदाजाला ते चालतं. जकुझीसाठी मात्र आम्ही ते अजिबात सुचवणार नाही.

कारण ओटीओ एकूण क्लोरीन दाखवतं. घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल यांच्याशी बांधला गेलेला क्लोरीनही त्यात धरला जातो आणि त्याची जंतू मारायची ताकद फारच कमी असते. जकुझीत पाणी जेमतेम 1000 लिटर, माणसं चार, तापमान 38-40 अंश, वर जेटचा मारा. मोकळा, म्हणजे कशाशीही न बांधलेला आणि जंतू मारणारा क्लोरीन झपाट्याने संपतो, तरी नळी मात्र गडद पिवळी दिसते. उग्र वास येतो तो बांधल्या गेलेल्या क्लोरीनचाच. त्याला स्वच्छतेची खूण समजू नका.

म्हणून डीपीडी-1 गोळ्यांचं, पाणी गुलाबी करणारं किट घ्या. ते मोकळा क्लोरीन मोजतं. नमुना जेटपासून लांब, कोपरभर खोलीवरून घ्या, गोळीला बोट लावू नका, पूर्ण विरघळली की लगेच रंग जुळवा. मोकळा क्लोरीन किमान 3 पीपीएम (दहा लाखांत तीन भाग) हवा, पीएच 7 ते 7.8. याच नळीत डीपीडी-3 टाकली की एकूण क्लोरीन कळतो. दोन्ही आकड्यांतला फरक वाढत चालला तर पाणी बदलायला झालंय.

या किटची एक मोठी खोट आहे. क्लोरीन 10 पीपीएमच्या वर गेला तर गुलाबी रंग उडून पाणी बिनरंगाचंच दिसतं, आणि माणूस ‘शून्य’ समजून आणखी औषध ओततो. शंका आली तर नमुन्यात तेवढंच आरओचं पाणी मिसळा आणि आलेला आकडा दुप्पट करा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. हीटरवर, जेटच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि त्याच्या आडोशाला पाइपात जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो. त्यात पीएच 8 वर गेला की क्लोरीनचा जेमतेम पाव भागच कामाचा उरतो. तलावाच्या टीसीसीए गोळ्या (घट्ट स्वरूपातला क्लोरीन) जकुझीत टाकू नका. त्यांतलं सायन्युरिक ॲसिड साठत जातं, क्लोरीन मंद करतं, आणि ते यातलं कोणतंच किट दाखवत नाही. 10 टक्क्यांचं द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) वापरा: 1000 लिटरला 30 मिली टाकलं की साधारण 3 पीपीएम वाढतो. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला कॅन लवकर निकामी होतो, म्हणून औषध टाकल्यावरही मोजा.

पाणी कधी बदलायचं? टबातल्या लिटरना 11 ने भागा, मग रोजच्या माणसांच्या संख्येने. 1000 लिटर आणि रोज दहा माणसं, म्हणजे नवव्या दिवशी टब रिकामा, आतून घासलेला आणि फिल्टर साफ. टँकरच्या दिवसांत हे परवडत नसेल तर टब उपसून कोरडा ठेवा. पंप बंद, पाणी कोमट आणि वर झाकण, ही सगळ्यात धोक्याची अवस्था.

धोका दोन प्रकारचा. स्यूडोमोनास या जंतूमुळे कपड्याखालच्या भागावर लाल, खाजऱ्या पुटकुळ्या येतात; त्या बहुधा आपोआप जातात. न्यूमोनिया करणारा लिजिओनेला हा जंतू बुडबुड्यांच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. 1999 मध्ये नेदरलँड्सच्या बोव्हनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात नुसत्या मांडून ठेवलेल्या टबमुळे 30 हून अधिक माणसं दगावली. टबात उतरायचीही गरज पडली नाही, जवळून जाणं पुरलं.

पाहुणे म्हणून जाणार असाल तर मोकळा क्लोरीन दाखवणाऱ्या पट्ट्यांची डबी सोबत असू द्या. आधी भिंतीवर बोट फिरवा; बुळबुळीत लागली तर उतरू नका. पन्नाशीपुढचे, सिगारेट ओढणारे, दमा किंवा मधुमेह असलेले यांनी जास्त जपावं. जाऊन आल्यावर 2 ते 14 दिवसांत ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना जकुझीचं आवर्जून सांगा. लिजिओनेलावर पेनिसिलिन गटातली औषधं चालत नाहीत.