बिलावर नवी, कंपनीच्या दप्तरी जुनी

'नवी' गाडी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला साडेअकरा हजार डॉलर मोजून झाल्यावर पडला. अमेरिकेत बर्फाळ भागात राहणाऱ्या आणि स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावर स्कींनी धावणाऱ्या गाडीवर, डोळा ठेवून असलेल्या आपल्या मंडळींनी पैसे भरायच्या आधी हे वाचावं, म्हणून लिहितोय.

आम्ही न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजजवळ राहतो. इथून तासाभरावर टग हिलचं पठार आहे. ऑन्टॅरिओ सरोवरावरून वाहणारे गार वारे तिथे वर्षाला २०० इंचांहून जास्त बर्फ ओततात. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला आठ हिवाळे नुसतं फावडं मारल्यावर त्या बर्फाचा कधीतरी उपभोग घ्यावासा वाटणारच.

डिसेंबर २०२४. शोरूममध्ये २०२४चं मॉडेल होतं, मागच्या हंगामातलं शिल्लक, म्हणून थोडं स्वस्त. टॅगवर ठळक अक्षरांत 'नवी'. भिंतीवर डीएमव्हीची, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याची, डीलर-नोंदणी चौकटीत टांगलेली. या राज्यात स्नोमोबिल विकायची तर ती नोंदणी लागते, एवढं मी वाचून गेलो होतो. ती दिसली आणि अर्धा गड सर झाल्यासारखं वाटलं. वडिलांनी लावलेल्या सवयीप्रमाणे वाकून गाडीवरचा ओळख क्रमांक, म्हणजे व्हीआयएनही तपासला. दहावं अक्षर 'आर', म्हणजे २०२४. मीटरवर ४ मैल. आणखी काय बघायचं?

घरी आणल्यावर बायकोने हळद-कुंकू वाहिलं. लिंबू कुठे ठेवायचं यावर चर्चा झाली, कारण चाकंच नाहीत. शेवटी पुढच्या दोन्ही स्कींखाली एकेक ठेवलं आणि मी अंगणातल्या बर्फात ते चिरडून गाडी पुढे काढली.

८ फेब्रुवारीला, शनिवारी, ट्रेलवर तापमानाचा लाल दिवा लागला आणि कूलंटचा वास सुटला. एका भल्या माणसाने दोर बांधून रस्त्यापर्यंत ओढत आणलं. जवळ होतं ते दुसऱ्याच डीलरचं सर्व्हिस सेंटर. काउंटरवरच्या बाईंनी व्हीआयएन टाइप केला, थांबल्या, पुन्हा केला. मग मॉनिटर माझ्याकडे वळवला. विक्रीची तारीख : ३१ जानेवारी २०२४. वॉरंटी एक वर्ष. संपून आठ दिवस झालेले. खरेदीदाराचं नाव भलत्याचंच.

"महिनाअखेर होती ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "टार्गेटसाठी कधी कधी पंच करतात."

खेळ असा असतो. वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत. डीलर कंपनीच्या सिस्टीममध्ये 'विकली' अशी नोंद करतो, त्या तारखेपासून ती सुरू होते. गाडी शोरूममध्येच उभी, पण कागदोपत्री विकलेली. डीलरचं टार्गेट पूर्ण. पुढे डिसेंबरात माझ्यासारखा कोणी येतो आणि वॉरंटीचे उरलेले दीड महिने वर्षाच्या भावात घेऊन जातो. डीएमव्हीला यातलं काही दिसत नाही. तिथे गेलेल्या कारखान्याच्या मूळ दाखल्यावर, म्हणजे एमसीओवर, माझंच नाव होतं.

कूलंटच्या पंपाची दुरुस्ती १,७४० डॉलर. ते बिल घेऊन शोरूममध्ये गेलो, तर मॅनेजरने माझ्याच करारावरच्या एका ओळीवर पेन टेकवलं : 'फॅक्टरी वॉरंटीचा उर्वरित भाग, असल्यास.' खाली माझी सही. या 'असल्यास'ने माझा घात केला. त्या दिवशी कॉफी पीत पीत मी चार ठिकाणी सह्या ठोकल्या होत्या.

मग कायदा धुंडाळला. नव्या गाड्यांसाठी इथे लेमन लॉ, म्हणजे सदोष निघालेल्या गाडीबद्दल ग्राहकाला दाद मिळवून देणारा कायदा, आहे : पहिली दोन वर्षं किंवा १८,००० मैल, जे आधी येईल ते. पण तो रस्त्यावरच्या गाड्यांसाठी. स्नोमोबिल त्यात बसत नाही. (आम्ही लिंबं ठेवली ती ठेवली, पण ज्या कायद्याचं नावच लिंबू, तो कामाला आला नाही.) 'तीन दिवसांत गाडी परत करता येते' असं आपल्यातले बरेच जण सांगतात. तो केंद्राचा नियम मुख्यतः दारावर येऊन केलेल्या विक्रीसाठी आहे, शोरूममध्ये जाऊन केलेल्या खरेदीला लागू नाही. उरलं फसव्या व्यापाराविरुद्धचं राज्याचं कलम ३४९. त्याचा आधार घेऊन ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात तक्रार केली, दुसरी डीएमव्हीकडे. सोबत डीलरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : नवी, एक वर्षाची फॅक्टरी वॉरंटी. तो जपून ठेवला नसता तर माझ्या हातात काहीच नव्हतं.

परवा रॉचेस्टरहून एका मित्राचा फोन आला, त्याला अशीच 'शिल्लक' गाडी मिळतेय. त्याला म्हटलं, आधी व्हीआयएन घे आणि थेट कंपनीच्या कस्टमर केअरला विचार की ही विकलेली दिसते का. मग वॉरंटी सुरू व्हायची तारीख बिलावर डीलरच्या हाताने लिहून घे. टाळाटाळ करायला लागला तर सरळ उठून ये.

एप्रिलमध्ये अंगणातला बर्फ वितळला तेव्हा ती दोन लिंबं वर आली, चपटी झालेली, पण पिवळीधमक. त्याच आठवड्यात डीलरचा ९०० डॉलरचा चेक पोस्टाने आला. सोबत चिठ्ठी नाही, माफी नाही. उरलेले ८४० माझ्या खात्यातून गेले.