मक्याचा पिवळा, हॉलच्या भिंतीवर

भिंतीच्या रंगाच्या शेड कार्डावर नाव होतं 'मेझ', म्हणजे आपला मका. वाचलं आणि डोळ्यांसमोर आला नागपूरच्या फुटाळा तलावावरचा भुट्टा, निखाऱ्यावर फिरवून लिंबू-मीठ चोळलेला. तिथेच फसलो. आपला देशी भुट्टा पांढुरका असतो. हा रंग अमेरिकन मक्याचा, गडद. क्रेयोला कंपनीच्या रंगखडूंच्या पेटीत याच नावाचा खडू असायचा, तो त्यांनी १९९० साली बंद केला. का केला असेल, हे भिंत बघून मला थोडं थोडं कळतंय.

चूक माझीही आहे. हॉलची जुनी भिंत फिकट निळी. पेंटर म्हणाला, "भाऊ, पहिले पांढरा प्रायमर मारू, नाहीतर पिवळा उठणार नाही." मी पैसे वाचवायला निघालो. पहिला हात वाळला तर भिंत अर्धवट पिकलेल्या लिंबासारखी हिरवट! दुसऱ्या हातानंतरही खिडकीशी निळं डोकावतच होतं. पिवळ्याची झाकण्याची ताकद मुळात कमी, हे चार लिटरचा डबा संपल्यावर कळलं. शेवटी प्रायमर मारलाच, आणि रंग पुन्हा आणावा लागला.

बर्डीवरच्या त्याच दुकानात गेलो, मशीनवर तोच कोड टाकला. तरी दुसरा डबा केसभर गडद. दुकानदार म्हणे, "वाळल्यावर एक होते." नाही झालं. स्विचबोर्डच्या वर जोड दिसतो. एकदा दिसला की नजर तिथेच जाते. लागेल तेवढे डबे एकदमच घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच मारायला द्या.

आता कौतुक. आमची खिडकी पूर्वेला. सकाळी सात ते नऊ हा रंग असा काही उजळतो की चहा हॉलमध्येच घ्यावासा वाटतो. मे महिन्यात दुपारी मात्र डोळ्यांवर येतो, पडदा ओढावाच लागतो. रात्री पांढऱ्या ट्यूबखाली फिका, आजारी दिसायचा. पिवळसर एलईडी लावला तेव्हा तुपासारखा झाला. भाच्याचे चिवड्याचे हात ओल्या फडक्याने निघाले, डाग राहिला नाही.

आईने पहिल्याच दिवशी निकाल दिला: "हा तर बेसनाचा रंग हाय बाप्पा."

पाचपैकी साडेतीन. बेडरूमला गव्हाळ बघतोय. या वेळी छोटा सॅम्पल डबा आणून आधी कपाटामागे मारून बघणार, सकाळी एकदा आणि रात्री एकदा.