विंग्ड बूट्स: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात, कोथरूडमधल्या एका मित्राच्या घरी आम्ही दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा, पात्रे घेऊन गोष्ट रचत जाण्याचा खेळ खेळतो. चार खेळाडू आहेत आणि डीएम, म्हणजे गोष्ट रचणारा व नियम सांभाळणारा, मी आहे. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे. आठ महिन्यांपूर्वी, सगळे तिसऱ्या लेव्हलला असताना, रोग (Rogue), म्हणजे चपळ चोराचे पात्र, खेळणाऱ्या मैत्रिणीला मी विंग्ड बूट्स, म्हणजे घालणाऱ्याला उडवणारे जादूचे बूट, मिळू दिले. इतक्या लवकर उडण्याची शक्ती दिल्यास खेळाचा तोल जातो, असे मला अनेकांनी सांगितले होते. आजचे माझे मत असे आहे की, किती उंच उडता येते यापेक्षा ती वस्तू किती जणांना उचलते आणि किती वेळ उचलते, यावरच तिची खरी किंमत ठरते.

बूट देण्याआधी मी ब्रूम ऑफ फ्लाइंग या उडत्या झाडूचाही विचार केला होता. नियमपुस्तकात दोन्ही वस्तू दुर्मिळतेच्या अनकॉमन या एकाच श्रेणीत आहेत, पण प्रत्यक्ष खेळात त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. झाडू ४०० पौंड वजन पेलतो, त्याला अट्यूनमेंट, म्हणजे वापरणाऱ्याने वस्तूशी जादुई नाते जोडणे, लागत नाही आणि आज्ञा दिली की तो एक मैलाच्या आत एकटाच जाऊन परत येतो. त्यामुळे दरीपलीकडे गेलेला माणूस झाडू माघारी पाठवतो आणि थोड्याच वेळात सगळा गट पलीकडे पोहोचतो. बुटांना अट्यूनमेंट लागते, म्हणजे तासाभराची विश्रांती घेतल्याशिवाय ते दुसऱ्याच्या पायात कामाला येत नाहीत. ते एकालाच उडवतात, आणि मला हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

हे मला एका गडाच्या मोहिमेत पटले. १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांचे मावळे सिंहगडाचा कडा चढून गेले, तो प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून मी २५० फुटांचा एक कडा रचला होता. बुटांमुळे रोग नऊ फेऱ्यांत, म्हणजे मिनिटभराच्या आतच माथ्यावर पोहोचली, आणि माझी सगळी तयारी वाया गेली असे मला क्षणभर वाटले. पण चिलखतातला फायटर, म्हणजे योद्धा, खालीच होता. वर दोर न्यायचा तर पन्नास फुटी सहा दोर एकमेकांना बांधावे लागणार होते, त्यांचे वजन ६० पौंड. आणि तिची स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा आकडा, ८ असल्याने ती १२० पौंडच पेलू शकत होती. हत्यारांपैकी काय खाली ठेवायचे यावर चौघांनी पंधरा मिनिटे चर्चा केली. वर पहारेकरी जागा होता आणि ती एकटी होती. आमच्या इतक्या महिन्यांच्या खेळातला तो सर्वांत चांगला तास होता.

दोष आहे तो वेळेच्या मर्यादेत. बुटांना एकूण चार तास मिळतात आणि प्रत्येक वापराला किमान एक मिनिट खर्च होते. आमची लढाई सहसा पाच फेऱ्यांची, म्हणजे अर्ध्या मिनिटाची असते. या हिशेबाने २४० लढाया झाल्याशिवाय बूट थकत नाहीत, त्यामुळे लढाईपुरती ही मर्यादा असून नसल्यासारखी आहे. याचा फटका विझार्डला, म्हणजे गटातल्या जादूगाराला, बसला. फ्लाय हा उडवणारा, तिसऱ्या पातळीचा स्पेल (मंत्र) दहाच मिनिटे टिकतो आणि त्यासाठी कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्रावर सतत लक्ष, राखावे लागते. बूट समोर असताना पाचव्या लेव्हलला त्याने तो घेतलाच नाही. तेव्हा सगळ्यांशी बोलून आम्ही चार तासांची दहा मिनिटे केली, आणि न वापरलेल्या दर बारा तासांमागे पाच मिनिटे परत मिळतील असे ठरवले. तेव्हापासून ती प्रत्येक उड्डाण मोजून करते, आणि सहाव्या लेव्हलला विझार्डने फ्लाय घेतला.

एक चूक माझीही झाली. सुरुवातीला मी प्रत्येक शत्रूच्या हाती धनुष्य देत गेलो. त्यामुळे मैत्रिणीला शिक्षा मिळाल्यासारखे वाटले आणि बाण मात्र खाली उभ्या असलेल्या क्लेरिकनेच, म्हणजे पुजाऱ्याच्या पात्रानेच, जास्त खाल्ले. ते मी थांबवले. हवेत आडोसा नसतो आणि खाली पडण्याचा धोका असतो, एवढेच पुरेसे आहे. बेशुद्ध झालेला उडता माणूस खाली पडतो का, यावर नियमाची शब्दरचना वाद घालायला जागा ठेवते. बूट फक्त गती देतात, धरून ठेवत नाहीत, असा निर्णय आम्ही घेतला. साठ फुटांवरून पडल्यास ६ डी ६ (सहा बाजूंचे सहा फासे), म्हणजे सरासरी २१ इजा होते, आणि पाचव्या लेव्हलच्या आमच्या रोगचे एकूण हिट पॉइंट्स, म्हणजे इजा सोसण्याची क्षमता, ३३ होते. म्हणून विझार्ड आता फेदर फॉल हा पडणाऱ्याला अलगद उतरवणारा स्पेल कायम तयार ठेवतो, आणि त्याचा पल्ला ६० फूट असल्यामुळे रोगही त्याच्यापासून तेवढ्याच अंतरात उडते. हा नियम मी केलेला नाही. तो त्या दोघांनी आपसात ठरवला.

झाडू मी अजूनही दिलेला नाही आणि इतक्यात देणारही नाही. गट आता सातव्या लेव्हलला आहे आणि फ्लायसाठी चौथ्या पातळीचा स्लॉट (स्पेल वापरण्याची मोजकी संधी) खर्चून विझार्ड आता फायटर आणि क्लेरिक या दोघांनाही उडवू शकतो. मागच्या रविवारी पहिल्यांदाच तिघे एकदम हवेत होते, आणि त्यांना वर धरून ठेवणारा विझार्ड एकटा जमिनीवर, दारामागे लपून उभा होता.