घरचं आयपीएल की क्लिनिकमधला लेझर? प्रश्न सावळ्या त्वचेचा

कोथरूडची माझी मावसबहीण, आमची ताई, नको असलेले केस काढायला घरी वापरायचं आयपीएल यंत्र (तीव्र प्रकाशाचे झोत टाकणारं) घ्यावं की लेझरसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं, यात अडकली आहे. तिचा रंग माझ्यासारखाच, गडद सावळा. म्हणून हे लिहिते.

आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर. प्रकाश केसातल्या मेलॅनिनला, म्हणजे रंगद्रव्याला, तापवतो. पण आपल्या त्वचेतही मेलॅनिन भरपूर असतं. आयपीएलच्या झोतात अनेक तरंगलांबी असतात, त्यातल्या आखूड लहरी त्वचेच्या वरच्या थरातच शोषल्या जातात. भाजण्याची, काळे डाग पडण्याची भीती तिथेच. क्लिनिकमधल्या एनडी-याग लेझरची तरंगलांबी लांब, १०६४ नॅनोमीटर. ती मेलॅनिनमध्ये कमी शोषली जाते आणि खोल मुळापर्यंत पोहोचते. गडद त्वचेला हाच जास्त सुरक्षित. मात्र बारीक केसांवर तो फारसा चालत नाही, आणि दुखतोही जास्त.

खर्च म्हणाल, तर यंत्राचा एकदाच, क्लिनिकचा दर बैठकीला. बैठका साधारण ६ ते ८, काही आठवड्यांच्या अंतराने. पांढऱ्या केसांवर दोन्ही निरुपयोगी.

पुण्याच्या उन्हात स्कूटरवर फिरून हात रापले असतील, तर थांबाच. दोन बैठकांच्या मध्ये वॅक्सिंगही नको, रेझर चालेल.

गव्हाळ रंग, जाड काळे केस आणि फक्त हातपाय करायचे असतील, तर यंत्राचा रंगतक्ता जुळवून आयपीएल घ्यायला हरकत नाही. सावळ्या-काळ्या रंगाला किंवा हनुवटीवरच्या केसांना एनडी-यागच, तोही आधी छोट्या जागेवर चाचणी करून. आणि ताई, हनुवटीवरच्या केसांसोबत पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी आधी करून घे.