वाढत्या मुलांसाठी मसाज थेरपी : बडोद्यातला पावसाळ्यापासून होळीपर्यंतचा अनुभव

बडोद्याला मालीश नवी नाही. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात, म्हणजे प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात, हाड बसवण्याची आणि अंग चोळून देण्याची जुनी परंपरा आहे, आणि इथल्या मराठी घरांत तान्ह्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्याची रीतही अजून टिकून आहे. मूल चालू लागले की मात्र हे सारे थांबते. पुढे हाडे-स्नायू झपाट्याने वाढत असतात त्या वर्षांत त्याच्या अंगाला जाणकार हात क्वचितच लागतो. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या आठ वर्षांच्या मुलासाठी आणि नववीतल्या मुलीसाठी आम्ही फिजिओथेरपिस्टकडून मसाज थेरपी घेतली, ती घरी करायला शिकलो आणि आजही करतो आहोत. उपयोग झाला, परंतु कोणत्या अटींवर झाला, हे सविस्तर सांगितल्याशिवाय त्या उपयोगाला फारसा अर्थ नाही.

मुलाची तक्रार पायांची होती. दिवसभर हुंदडून झोपला की मध्यरात्री दोन्ही पोटऱ्यांत आणि गुडघ्यांच्या मागे कळ येऊन तो रडत उठे, आणि सकाळी काहीच झाले नसल्यासारखा धावत सुटे. बालरोगतज्ज्ञांनी तपासून ही वाढीच्या वयातली नेहमीची पायदुखी असल्याचे सांगितले. साधारण तीन ते बारा या वयात ती दिसते, संध्याकाळी किंवा रात्री उठते, बहुधा दोन्ही पायांत असते आणि तिचे नेमके कारण अजून ठरलेले नाही. एकाच पायात सतत दुखणे, सांधा सुजणे, मूल लंगडणे, ताप, वजन घटणे किंवा सकाळीही न ओसरणारी वेदना असेल, तर मालीश करत न बसता आधी तपासणी करावी, असे त्यांनी बजावले. ही तपासणी झाल्याखेरीज कोणीही मसाज सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे.

थेरपिस्ट बाईंनी पहिल्या भेटीत मुलाला हात लावण्यापूर्वी त्यालाच विचारले, “कुठल्या पायापासून सुरू करू?” अंगठा वर केला की थोडे जोरात आणि तळहात दाखवला की थांबायचे, अशी खूणही ठरवून दिली. मग घोट्यापासून गुडघ्याकडे तळहाताने सरळ वर जाणारे हात, त्यानंतर पोटरीचे मांस दोन्ही हातांत धरून सावकाश मळणे, आणि गुडघ्यामागची खळगी मात्र न दाबता सोडून देणे, असा क्रम त्यांनी माझे हात धरून करवून घेतला. त्या खळगीतून रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून तिथे अंगठा रोवायचा नाही. शेवटी पाऊल हळूच वर वळवून पोटरीला ताण द्यायचा. झोपण्यापूर्वी एवढे केले की बहुतेक रात्री तो उठत नाही; नवरात्रात गरबा खेळून पोटऱ्या भरून आल्या की अजूनही उठतो, पण दुखणे लवकर शमते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दाबाची निघाली. मूल नाजूक आहे म्हणून आपण बोटे अलगद फिरवतो. त्याने गुदगुल्या होतात आणि मूल अंग चोरून घेते. मायामी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९२ साली स्पर्श संशोधन संस्था स्थापन करणाऱ्या टिफनी फील्ड यांच्या कामातही हाच मुद्दा पुन्हा पुन्हा येतो : मध्यम दाबाने हृदयाची गती मंदावते आणि शरीर निवांत होते, तर हलका स्पर्श उलट उत्तेजित करतो. त्यांच्याच १९८६ च्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे, असा दहा दिवस मसाज दिला, तेव्हा त्यांचे वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. मध्यम दाब म्हणजे किती, हे वाचून कळत नाही. कणीक मळताना तळहाताला जेवढा जोर लागतो, त्याहून थोडा कमी, एवढेच मी सांगू शकते. बाकी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवावे.

मुलीचे दुखणे मान आणि खांद्यांचे होते, आणि त्यासोबत परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली. तिच्या बाबतीत मसाजपेक्षाही तो ज्या पद्धतीने दिला गेला, त्याला मी अधिक गुण देईन. अंगावरचे कपडे तसेच ठेवून, खुर्चीवर उलटे बसवून, पाठीच्या टेकूवर उशी ठेवून तिला कपाळ टेकवायला सांगितले. मी खोलीतच होते, तरी प्रत्येक वेळी विचारणा तिलाच झाली, आणि एके दिवशी तिने “आज नको” म्हटले तेव्हा बाईंनी कारणही न विचारता ते मानले. या वयात मुलींना आपल्या शरीराविषयी जो संकोच असतो, तो आईने दामटून घालवायचा नसतो. त्या दिवसानंतर ती स्वतःहून वेळ मागू लागली. फील्ड यांच्या १९९२ च्या एका अभ्यासात नैराश्य आणि तत्सम त्रासासाठी रुग्णालयात दाखल असलेल्या मुला-किशोरांना पाच दिवस रोज अर्धा तास पाठीचा मसाज दिला होता. निवांत करणाऱ्या चित्रफिती पाहणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची चिंता कमी झाली आणि रात्रीची झोप वाढली. आमच्याकडे झोपेत फरक खरोखर पडला. परीक्षेची भीती मात्र मसाजने गेली नाही. त्यासाठी शाळेतल्या बाईंशी बोलावे लागले.

मानेचे दुखणेही नुसत्या मसाजने परतून येत होते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटले आहे. आम्ही काट्यावर तोलले तर मुलीचे दप्तर त्याच्या बरेच पुढे गेले होते. ते हलके केल्यावर आणि वाचताना पुस्तक उंचावर ठेवू लागल्यावर मसाजचा परिणाम टिकू लागला.

याच काळात, थेरपिस्ट बाई सुटीवर असताना, आम्ही शहरातल्या दुसऱ्या एका मसाज केंद्रात गेलो. तिथल्या माणसाने काही न विचारता मुलीची मान झटक्याने वळवून कडकन आवाज काढला. तिला इजा झाली नाही, पण पुढे कित्येक दिवस तिने मानेला कोणाला हात लावू दिला नाही. मुलांची मान मोडणे हा मसाज नव्हे, आणि असे करू पाहणाऱ्याला तिथेच थांबवण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

तेलाचे थोडक्यात : थंडीत तिळाचे, एरवी खोबरेल. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल कोरड्या, खाज सुटणाऱ्या त्वचेला त्रासदायक ठरू शकते, म्हणून ते आम्ही टाळले. ताप, पुरळ, ताजी जखम किंवा मुरगळून सूज असेल त्या दिवशी मालीश बंद.

शुल्क एका वेळचे चारशे रुपये होते, आणि मध्यमवर्गीय घराला ते दर आठवड्याला जड जाते. परंतु या बाईंनी पहिल्या महिन्यापासूनच आम्हाला घरी करायला शिकवले आणि आता दोन महिन्यांतून एकदा दाखवायला येण्यास सांगितले आहे, त्यामुळे खर्च आवाक्यात आला. पालकांना शिकवायला तयार नसलेल्या, वीस-वीस भेटींचे पैसे आगाऊ मागणाऱ्या ठिकाणी मी मुलांना नेणार नाही.